पीसी हेल्थ चेक : जुना पीसी भंगारात काढायच्या आधी हे चालवून बघाच

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमच्या घरात दोन मशीन तशाच पडलेल्या, माझा इंटेल आय५-८४०० प्रोसेसरवाला डेस्कटॉप आणि बाबांचा आय५-७२००यू वाला लॅपटॉप. जवळच्या दुकानात विचारलं तर त्याने मशीन चालूसुद्धा न करता सांगितलं, दादा याच्यावर विंडोज ११ चढणार नाही, बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला. मी तयार पण झालो होतो, पण म्हटलं एकदा स्वतः बघू, आणि मशीनवर विंडोज ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं हे फुकटचं पीसी हेल्थ चेक ॲप टाकलं.

'चेक नाऊ' दाबलं की दोन मिनिटं पण लागत नाहीत. पण वरचं 'होणार नाही' एवढंच वाचून बंद करू नका, खाली सगळे रिझल्ट उघडून नेमकी कुठली ओळ लाल आहे ते बघा, सगळी गंमत तिथेच आहे. माझ्या डेस्कटॉपला प्रोसेसर हिरवा, रॅम हिरवी, लाल होतं फक्त टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारा भाग). आता हे टीपीएम म्हणजे वेगळी चिप विकत आणायला पाहिजे असं काही नाही, इंटेलमधे ते पीटीटी नावाने आतच असतं आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरमधे एफटीपीएम नावाने, खूपदा नुसतं बायोसमधे (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे) बंद ठेवलेलं असतं. चालू केलं, परत चेक केलं, सगळं हिरवं! एक रुपया खर्च नाही. (बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी रिकव्हरी की लिहून ठेवा, हे विसरू नका.)

बाबांच्या लॅपटॉपला मात्र प्रोसेसरच लाल आला. त्याला इलाज नाही, इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढचीच यादी आहे आणि डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी. ८ जीबी रॅम, एसएसडी, मशीन मस्त पळतंय, तरी नापास, वाईट वाटलं खरंच. रायझनवाल्यांनी तर नुसत्या नंबरवर जाऊच नका, २६०० चालतो पण लॅपटॉपमधला २५००यू यादीत नाही.

२०२१ च्या जूनमधे हे ॲप आलं तेव्हा नापास का ते सांगतच नव्हतं, लोक वैतागले, ते काढून घेतलं आणि सप्टेंबरमधे सुधारून आणलं. आत्ताचं चांगलंय, माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना पण पैसे द्यायच्या आधी दुकानातच त्या मशीनवर हे चालवायला लावा, 'विंडोज ११ आहे' म्हणून दाखवतात पण ते रुफस नावाच्या टूलने हा चेक चुकवून टाकलेलं असू शकतं, आणि तशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची गॅरंटी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बाबांची बँकेची कामं त्याच लॅपटॉपवर असतात म्हणून मी तो रुफसचा मार्ग घेतलाच नाही, विंडोज १० चे वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, तोवर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम) चालवून त्यांना सवय लावतोय.