बारा बोअर दुनळीचं ढिलं लॉक: दोन दुरुस्त्या, चौदा महिने

वडिलांची दुनळी, म्हणजे बिजागरीवर मोडून काडतुसं भरायची दोन नळ्यांची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्या नावावर झाली, तेव्हा मिटल्यावर तिचा उघडायचा वरचा लिव्हर मधली रेषा ओलांडून डावीकडे जात होता. नव्या बंदुकीत तो मध्याच्या थोडा उजवीकडे थांबतो. आतला बोल्ट पाचरीसारखा नळ्यांखालच्या खाचांत शिरतो. बोल्ट नि खाचा झिजल्या की तो जास्त आत जातो आणि लिव्हर डावीकडे सरकतो. एवढं मला माहीत होतं. परवानाधारक कारागिराकडे नेऊन झिजलेल्या बोल्टवर धातू भरून घेतला. लिव्हर उजवीकडे आला, मिटताना आवाज भरीव यायला लागला, माझं समाधान झालं.

ते पाच महिने टिकलं. आमचं शेत मोहोळ तालुक्यात. मक्यात डुकरं शिरली की हुसकावायला हवेत बार काढायचा, एवढाच वापर. काडतुसं जेमतेम चाळीस उडाली असतील. एका रात्री रिकामं काडतूस बाहेर काढलं तर त्याची टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी कॅप, बुडाच्या वर आलेली. म्हणजे बार होताना काडतुसाला मागे सरकायला जागा मिळत होती. झोप लागली नाही त्या रात्री.

सकाळी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली आणि या वेळी नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढलं. आजवर मी लाकूड तसंच ठेवून बंदूक हलवून बघायचो, चूक तिथेच होती. लाकडातली स्प्रिंग नळ्यांना मागे दाबून धरते आणि सगळी ढिलाई झाकते. लाकूड निघाल्यावर नळ्या कटकट हलल्या. वहीच्या कागदाची पट्टी, जाडी साधारण ०.१ मिमी, मध्ये धरून बंदूक मिटली, तरी पट्टी अलगद ओढून निघाली.

झिजली होती बिजागरीची पिन आणि तिच्यावर बसणारा नळ्यांचा आकडा. बोल्ट फक्त नळ्यांना खाली झुकण्यापासून अडवतो. बार होताना नळ्या आणि बॉडी एकमेकींपासून लांब जाऊ पाहतात, तो ताण पिन सोसते. बोल्ट कितीही भरला तरी हे सुधारणार नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी आकडा ठोकून पसरवून देतो म्हणाले, तासाभराचं काम. मी नको म्हटलं. ठोकलेल्या धातूची पातळ कडा थोड्याच दिवसांत दबते. किंचित जाड नवी पिन बसवून घेतली. कारागिराने काजळी फासून पुन्हा पुन्हा मिटून बघितलं आणि ठसा उमटेल तिथेच कानस मारली. वेळ लागला, पैसेही तिप्पट गेले.

त्याला नऊ महिने झाले. लाकूड काढूनही कटकट नाही, पट्टी पकडून राहते, टोप्या सपाट.

पिनेला ग्रीस लावतोच, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात फुफाटा त्यात बसून पॉलिश पेपरसारखा घासतो, म्हणून शेतातून आलो की जुनं ग्रीस पुसून नवं लावतो. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. देताना आणि परत आणल्यावर हेच केलं. एका हाताने झटका देऊन मिटणं घरात बंद केलंय. आमच्या नळीची खोली ६५ मिमी काडतुसाची आहे, ७० मिमीचं कोणी फुकट दिलं तरी घालत नाही.

डाव्या नळीच्या खालच्या कडेला काजळीचा ठसा अजून थोडा फिका उमटतो. तिथे लक्ष ठेवून आहे.