‘ए’ की ‘सी’? पेठेतल्या घरात आवाज मोजताना

लक्ष्मी रोडवर मिरवणूक, तुम्ही आतल्या गल्लीत खिडक्या लावून बसलेले. तावदानं थरथरतायत, आणि आवाज मोजायचा मीटर ‘ए’वर जेमतेम 64 डेसिबल दाखवतोय. तो बिघडलेला नाही. ‘ए’ आणि ‘सी’ हे त्याचे मोजण्याचे दोन प्रकार: ‘ए’ खर्जाचे, म्हणजे खालच्या पट्टीचे आवाज बरेच कापून मोजतो, ‘सी’ जवळपास जसेच्या तसे. डीजेचा 63 हर्ट्झचा 90 डेसिबलचा ठोका ‘ए’वर 26 डेसिबल कापून येतो, ‘सी’वर तोच 89 दिसतो. ताशाची तडतड वरच्या पट्टीतली, तिथे दोन्ही आकड्यांत फारसा फरक पडत नाही.

‘ए’ची ही काटछाट मनमानी नाही. खर्जाला आपला कान खरंच मंद आहे आणि 3 ते 4 हजार हर्ट्झला सर्वांत तिखट. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1933 मध्ये याचे आलेख मांडले. ‘ए’ त्यातल्या 40 फोनच्या (फोन हे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं एकक), म्हणजे हळू आवाजाच्या रेषेवर बेतलेलं आहे. पण आवाज चढला की खर्ज झपाट्याने जवळ येतो: 40 फोनवरून 60 वर जायला 1000 हर्ट्झला 20 डेसिबल लागतात, 63 हर्ट्झला साधारण 13 पुरतात. त्यातून भिंती आणि काचा वरच्या पट्ट्या अडवतात, खर्ज आत सोडतात. म्हणून बंद खोलीत त्रास ‘सी’वरच नीट दिसतो.

तरीही तक्रार करायची असेल तर ‘ए’च हवा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा ‘ए’मधल्या सरासरी पातळीची (एलईक्यू) आहे: निवासी भागात सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत 55, रात्री 45. सोबत ‘सी’ टिपून ठेवा. दोहोंतला फरक 15-20 च्या पुढे गेला तर दोष खर्जाचा, आणि खिडकीला दुहेरी काच बसवून फार काही हाती लागणार नाही.

‘सी’ची खोड एकच, पण मोठी: वारा. पंखा चालू राहिला तर मायक्रोफोनवरचा झोत आकडा फुगवतो, ‘ए’ ते बरंचसं गिळतो. पंखा बंद, स्पंजची टोपी चढवलेली, मीटर तिवईवर सव्वा ते दीड मीटर उंच. कोपऱ्यात खर्ज साचतो, म्हणून खोलीत तीन जागी मोजा.

मीटर घेताना क्लास 2 (अचूकतेची श्रेणी), ‘ए/सी’ बटण आणि एलईक्यू एवढं पाहा. मोबाइलचं ॲप यासाठी नकोच. त्याचा माइक खालची पट्टी बऱ्याचदा मुळातच छाटतो. आणि कॅलिब्रेटर, म्हणजे मीटर तपासायला ठरावीक आवाज देणारं उपकरण, 1000 हर्ट्झला 94 डेसिबल देतो, तिथे ‘ए’ आणि ‘सी’ एकच आकडा दाखवतात. चुकीचं बटण दाबलेलं असलं तरी तपासणीत ते कळत नाही. मोजणी सुरू करण्याआधी पडद्यावरचं अक्षर वाचा.