बिलात ‘लमसम’ दिसलं की थांबा: दूर राहणाऱ्या घरमालकांसाठी

घर एकीकडे, मालक भलतीकडे आणि किल्ली घर सांभाळणाऱ्या एजन्सीकडे. अशा वेळी भाड्यात फारशी फसवणूक होत नाही, कारण तो आकडा करारात असतो. फसवणूक होते ती दुरुस्तीत. महिन्याचं शुल्क घेऊन वर कारागिराच्या बिलातही कट ठेवणारी एजन्सी असेल, तर काम जितकं मोठं तितका कट मोठा. आणि बिघाड काय आहे हे सांगणारा माणूसही तिचाच.

एसीचंच बघा. भाडेकरू म्हणतो थंड होत नाही, आणि बिल येतं ‘गॅस भरला, लमसम’, म्हणजे तपशील न देता एकच ठोक रक्कम. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, बऱ्याचदा फ्लेअर नटच्या (नळ्या जोडणाऱ्या नटच्या) जोडावर किंवा कॉइलमध्ये (गॅस फिरतो त्या वेटोळ्या नळीत). नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांना साबणाचा फेस लावून ती शोधायची, बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करायच्या आणि सिलिंडर काट्यावर ठेवून बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेत तितके ग्रॅम गॅस भरायचा. गळती न शोधता नुसता गॅस मारला की काही दिवसांनी तेच बिल पुन्हा येतं. कधी फक्त फिल्टर चोंदलेला असतो. तो धुतात आणि बिल गॅसचं लावतात. म्हणून भरण्याआधीचा आणि नंतरचा काट्यावरचा आकडा, शिवाय युनिटची पट्टी, यांचे फोटो मागा. ते नसतील तर गॅस भरला असं धरू नका.

गीझरला ‘नवाच घ्यावा लागेल’ हे ठरलेलं उत्तर. पाणी तापत नसेल तर आधी एलिमेंट (पाणी तापवणारी कांडी), थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) आणि थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा भाग) तपासायचे. तिन्ही सुटे बदलता येतात. गीझर लावताच आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर पहिला संशय एलिमेंटवर. टाकीच गळत असेल तर नवा घेणं खरं, पण पाणी फ्लँजच्या (एलिमेंट बसवलेल्या झाकणाच्या) गास्केटमधून, म्हणजे सीलमधून, येतंय का हे आधी बघून घ्या. बदललाच, तर जुन्या-नव्याचे सिरियल नंबर फोटोत हवेत.

ओल मात्र सगळ्यांत जास्त पैसे खाते. पाणी कुठून येतंय ते न शोधता पुट्टी आणि रंग लावतात, म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. भिंत सुकताना आतले क्षार पृष्ठभागावर येतात, पांढरी भुकटी धरते, रंगाला फुगे येतात आणि रंगाऱ्याला पुन्हा काम मिळतं. पाण्याचा मीटर थेट घराचा असेल तर भाडेकरूला सांगा: रात्री सगळे नळ बंद करून आकडा टिपायचा, पाणी न वापरता सकाळी पुन्हा बघायचा. आकडा हलला तर पुरवठ्याची नळी किंवा फ्लश गळतोय. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबायचं. भांड्यात रंग उतरला तर सील बदललं की भागलं, त्यासाठी भिंत फोडायची गरज नाही. मीटर हललाच नाही तर सांडपाण्याची नळी, बाथरूमच्या फरशीचे सांधे किंवा बाहेरची भिंत बघायची.

आता कागदांचं. ‘अमुक रकमेपर्यंत न विचारता दुरुस्ती’ या कलमाखाली एकाच कामाची दोन बिलं पाडतात, म्हणजे दोन्ही मर्यादेत बसतात. त्यामुळे मर्यादा बिलामागे नाही, बिघाडामागे लिहून घ्या. कारागिराचं मूळ बिल हवं, भाग आणि मजुरी वेगळी. काढलेला भाग भाडेकरूकडे ठेवायचा. भाडेकरू घर सोडतो तेव्हा त्याच्या डिपॉझिटमधून कापलेलं काम तुमच्याही खात्यावर टाकलंय का, हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवून बघा.

आणि काम झालं त्याच दिवशी भाडेकरूला फोन करून विचारा: माणूस किती वेळ होता, सोबत काय आणलं होतं? गॅस भरायला आलेल्याच्या हातात फक्त पाना आणि पिशवी असेल तर बिल थांबवा.