व्यापारी इंग्रजीच्या वर्गातील ‘हेन्सफोर्थ’

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ व्यापारी पत्रव्यवहाराच्या इंग्रजीचा एक वर्ग संध्याकाळी चालतो. हळद, गूळ आणि बेदाण्याच्या पेढ्यांवर परराज्यांतील खरेदीदारांशी लिहिण्या-बोलण्याचे काम सांभाळणारे दिवाणजी तेथे प्रामुख्याने येतात. वर्गाचे खरे बळ एकेक शब्द मुळापासून सोलून दाखवण्यात आहे आणि ‘हेन्सफोर्थ’, म्हणजे यापुढे, या शब्दावरचा पाठ हा त्याचा उत्तम नमुना होय.

‘यापुढे माल उधारीवर मिळणार नाही’ या वाक्यापासून पाठाला सुरुवात झाली. ‘हेन्स’ म्हणजे येथून आणि ‘फोर्थ’ म्हणजे पुढे. मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन शब्द जोडले गेले आणि स्थळाचा ‘येथून’ काळाचा झाला, जसे आपले ‘इथून पुढे’ झाले आहे. हेन्स, थेन्स, व्हेन्स हे त्रिकूट फळ्यावर इथून, तिथून, कुठून यांच्याशेजारी लिहिताच वर्गातील कुजबुज थांबली. ‘हेन्स’मध्येच ‘पासून’चा अर्थ असल्याने त्याआधी ‘फ्रॉम’ लावणे म्हणजे दुप्पट तोलाई घेणे, हेही तेव्हाच उलगडले. नवा दर १ एप्रिलपासून लागू करायचा असेल, तर पत्राच्या क्षणापासून मोजणारा ‘हेन्सफोर्थ’ तेथे चालत नाही, ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ लिहून तारीख द्यावी लागते. आणि जुन्या प्रसंगापासून पुढचे सांगायचे असेल, तर ‘थेन्सफोर्थ’ घ्यावा लागतो.

सर्वांत उपयोगी भाग करारनाम्यांचा होता. मराठी दस्तात ‘यापुढे लिहून देणार असे संबोधले आहे’ असे आपण लिहितो, तेथील ‘यापुढे’ काळाचा नसून कागदावरील पुढच्या मजकुराचा आहे, म्हणून इंग्रजीत त्याजागी ‘हिअरइनआफ्टर’ अधिक नेमका ठरतो. बोलताना मात्र ‘फ्रॉम नाऊ ऑन’ पुरे. फोनवर गिऱ्हाईकाला ‘हेन्सफोर्थ’ ऐकवले, तर त्याला वकिलाची नोटीस आल्यासारखे वाटेल.

‘हिदरटू’, म्हणजे आजवर, हा शब्द केवळ ओझरता आला, हे खटकले. टिपणे बारीक टंकात आणि संपूर्ण इंग्रजीत आहेत, आणि सरावासाठी दिलेली पत्रे तपासून मिळायला फार वेळ लागतो. हंगामात सौदे लांबले की वर्ग बुडतो व बुडालेला पाठ पुन्हा घेतला जात नाही, त्यामुळे पेढीवरच्या मंडळींनी पावसाळ्यातील तुकडीत नाव घालणे सोयीचे पडेल.