ड्राफ्टमध्ये नाव नाही, मग जायचं कुठं? अमेरिकी बास्केटबॉलपटूसाठी चीन, युरोप आणि ऑस्ट्रेलिया

अमेरिकेतल्या कॉलेजांतून दरवर्षी शेकडो चांगले बास्केटबॉलपटू बाहेर पडतात आणि एनबीए या तिथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, जेमतेम साठ नावांत संपतो. त्या साठांतलेही सगळे टिकत नाहीत. तीस संघ, प्रत्येकाकडे पंधरा नियमित करार आणि वर तीन टू-वे करार, म्हणजे दारच एवढं. बाकीच्यांनी बॅग भरायची. प्रश्न फक्त कुठल्या विमानात बसायचं हा.

हा लेख त्या बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. अमेरिकेत वाढणारी आपल्याकडची मुलंही शाळा-कॉलेजात हा खेळ खेळतात, त्यांच्या आईवडिलांना हे आधीच ठाऊक असलेलं बरं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. एजंट फोनवर पगाराचा आकडा आधी सांगतो, पण आधी विचारायचं असतं ते दुसरंच: या संघात मी कोण असणार आहे? चीन, युरोप आणि ऑस्ट्रेलिया या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं देतात. ती समजायला स्टेफॉन मार्बरी, काइल हाइन्स आणि ब्राइस कॉटन या तिघांच्या कारकिर्दी पुरेशा आहेत.

घराजवळचा पर्याय म्हणजे जी लीग, एनबीएचीच खालची लीग. तिथं एनबीएचे निवडकर्ते रोज बसलेले असतात, भाषेची अडचण नाही, आई गाडी घेऊन सामना बघायला येऊ शकते. पण २०२३-२४ मध्ये तिथला नेहमीचा पगार हंगामाला साधारण ४०,५०० डॉलर होता आणि अमेरिकेतल्या मोठ्या शहरात राहणाऱ्याला तो पुरत नाही. शिवाय जो तो स्वतःला दाखवायला आलेला, त्यामुळं संघ म्हणून खेळायची सवय लागत नाही. टू-वे करार, म्हणजे एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळायची मुभा देणारा करार, हाती असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर एका वर्षापेक्षा जास्त काळ तिथं वाट बघू नये असं मला वाटतं.

चीन: सगळा भार तुमच्यावर

मार्बरी हा एनबीएतून बाहेर पडलेला तारा. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेलेला, दोनदा ऑल-स्टार झालेला. न्यूयॉर्कमधले त्याचे शेवटचे दिवस वाईट गेले. जानेवारी २०१० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो शान्शी या कोळशाच्या खाणींच्या प्रांतातल्या संघाकडून खेळायला गेला. पुढं फोशान आणि मग बीजिंग डक्स. बीजिंगला त्यापूर्वी एकदाही विजेतेपद मिळालं नव्हतं, आणि समोर सलग चार वर्षं जिंकलेला ग्वांगडोंग. २०१२ मध्ये बीजिंग जिंकलं, मग २०१४ आणि २०१५ मध्येही. शहरानं त्याचा पुतळा उभारला, पुढं त्याला चीनमध्ये कायम राहण्याचा परवानाही मिळाला. २०१८ मध्ये तो निवृत्त झाला आणि नंतर तिथंच प्रशिक्षक झाला.

ही गोष्ट ऐकून कुणालाही चीनला जावंसं वाटेल. पण तिथली व्यवस्था नीट बघा. मार्बरीच्या काळात संघात परदेशी खेळाडू दोनच, आणि दोघांनी मिळून सामन्याच्या चार भागांतले, म्हणजे क्वार्टरांतले, किती क्वार्टर खेळायचे यावरही बंधन. साहजिकच जेवढा वेळ तुम्ही मैदानावर, तेवढा वेळ चेंडू तुमच्या हातात आणि गुण करायची जबाबदारी तुमची. जिमर फ्रेडेटनं फेब्रुवारी २०१७ मध्ये शांघायकडून एका सामन्यात ७३ गुण केले. तो सामना शांघाय हरलं. पुढं एनबीएत त्याला फिनिक्सकडून अवघे सहा सामने मिळाले.

चीनमध्ये केलेल्या गुणांना एनबीएचे निवडकर्ते फारसा भाव देत नाहीत, याचं कारण हेच. तिथं तुम्ही काय करू शकता ते दिसतं, दुसऱ्या चार चांगल्या खेळाडूंसोबत कसे खेळता ते दिसत नाही. पैसा मात्र खरा आहे. गेल्या दशकाच्या मध्यात नावाजलेल्या परदेशी खेळाडूंना चार-पाच महिन्यांच्या हंगामासाठी दहा लाख डॉलरच्या वर मिळत. पण तो पैसा नाव घेऊन येणाऱ्याला मिळतो, कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्याला नाही. आणि करार केला की अडकलात. २०११ मध्ये संघमालक आणि खेळाडूंच्या वादात एनबीएची टाळेबंदी चालू असताना जे. आर. स्मिथ, केन्यन मार्टिन आणि विल्सन चँडलर चीनला गेले. टाळेबंदी उठली, पण चीनच्या लीगनं मधूनच परत जाण्याची मुभा ठेवलीच नव्हती. इकडं एनबीएचा हंगाम सुरू झाला आणि ते तिकडच्या करारात अडकलेले.

युरोप: आधी विश्वास कमवा

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझा कल इकडेच आहे.

काइल हाइन्स १९८ सेंटिमीटर उंचीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, एरवी संघातला सर्वात उंच माणूस. एनबीएच्या हिशेबात सेंटर म्हणून ही उंची बसतच नाही. २००८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना ग्रीन्सबरोमधून बाहेर पडला, ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही. पहिला मुक्काम रोमच्या आग्नेयेला डोंगरावरचं वेरोली नावाचं छोटं गाव, इटलीचा दुसरा विभाग. तिथं दोन वर्षं. मग जर्मनीत बाम्बर्ग, मग ग्रीसचा ऑलिंपियाकोस. युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा म्हणजे युरोलीग, तिचा २०१२ चा अंतिम सामना इस्तंबूलला झाला. मॉस्कोचा सीएसकेए १९ गुणांनी पुढं होता, आणि ऑलिंपियाकोसनं शेवटच्या क्षणी ६२-६१ असा सामना काढला. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद. मग हाइन्सला सीएसकेएनंच घेतलं आणि त्यांच्याकडून त्यानं २०१६ आणि २०१९ अशी आणखी दोन विजेतेपदं जिंकली. शेवटी मिलान, आणि २०२४ मध्ये निवृत्ती. एनबीएचा एकही सामना नाही, आणि तरी युरोपातल्या कोणत्याही जाणकाराला विचारा, हाइन्सचं नाव तो आदरानं घेईल. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून तो तीनदा निवडला गेला.

हे युरोपात का घडू शकलं? एक म्हणजे खेळाचे नियम. क्वार्टर एनबीएतल्या १२ ऐवजी १० मिनिटांचा, पाच फाउलला बाहेर, तीन गुणांची रेषा ७.२४ ऐवजी ६.७५ मीटरवर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बचावात तीन सेकंदांची मर्यादा नाही, उंच माणूस बास्केटखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. त्यामुळं एकट्यानं घुसून गुण करणं अवघड होतं, आणि वेळेवर पास देणाऱ्याला, योग्य जागी उभं राहणाऱ्याला किंमत येते. अमेरिकेतून आलेला गार्ड, म्हणजे चेंडू पुढं नेणारा खेळाडू, पहिल्या सरावात दोन-तीनदा ट्रॅव्हलिंगसाठी (नियमाबाहेर पावलं टाकल्याबद्दल) पकडला जातो, कारण ड्रिबल सुरू करताना पाय उचलण्याची त्याची सवय इथल्या पंचांना चालत नाही. दिवसातून दोन सराव असतात आणि कोच सगळ्यांसमोर ओरडतो. मोठ्या क्लबात युरोलीगचे आणि देशांतर्गत लीगचे मिळून सत्तरच्या वर सामने होतात. उलट खालच्या विभागात आठवड्याला एकच सामना, म्हणून एक वाईट रविवार पुढचे सात दिवस डोक्यावर बसतो.

आणि संघ खालच्या विभागात ढकलला जाऊ शकतो. अमेरिकी खेळाडूला ही भीती ठाऊकच नसते. स्पेनच्या पहिल्या विभागातून दरवर्षी दोन संघ खाली जातात. तळाला गेलेला संघ डिसेंबरात पहिल्यांदा कुणाला बदलतो? परदेशी खेळाडूला. स्थानिकांसाठी जागा राखीव असतात, परदेशी जागा मोजक्या.

माइक जेम्सचं उदाहरणही लक्षात ठेवा. २०१२ मध्ये ड्राफ्टमध्ये नाव नाही, क्रोएशिया, इटलीचा खालचा विभाग, इस्रायल, ग्रीसमधलं ऱ्होड्स बेट अशी वणवण, मधे एनबीएत दोन छोटे फेरे. तोच २०२४ मध्ये युरोलीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा खेळाडू ठरला आणि त्याच हंगामाचा मानकरीही, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूही, झाला.

परतीची वाट युरोप आणि इस्रायलमधून निघते, हेही खरं. अँथनी पार्कर मकाबी तेल अवीवकडून दोनदा युरोलीगचा मानकरी ठरला आणि २००६ मध्ये एकतिसाव्या वर्षी टोरांटोनं त्याला परत बोलावलं. पी. जे. टकर इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असा पाच वर्षं फिरला. इस्रायलमधल्या होलोनच्या संघात तो गुण करणारा होता, पण २०१२ मध्ये फिनिक्सनं त्याला घेतलं ते बचावासाठी, आणि २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर तो एनबीए विजेता झाला.

ऑस्ट्रेलिया: राहण्यासारखी जागा

ब्राइस कॉटननं सगळं करून पाहिलं होतं: जी लीग, यूटा, फिनिक्स, चीनमधलं शिनजियांग, मेम्फिस, इस्तंबूलचा अनाडोलू एफेस. १८५ सेंटिमीटरचा हा गार्ड जानेवारी २०१७ मध्ये पर्थला पोचला आणि त्याच हंगामाच्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात त्यानं ४५ गुण केले. मग आठ वर्षं तो तिथंच राहिला. तीन विजेतेपदं, २०२५ पर्यंत पाच वेळा लीगचा मानकरी. पगार युरोपातल्या बड्या क्लबांएवढा नाही. पण भाषा इंग्रजीच, संघ मोजके, खेळ वेगवान, हंगाम साधारण सप्टेंबर ते मार्च. नंतर उन्हाळ्यात पोर्तो रिकोला जाऊन दुसरा करार करायला वेळ उरतो. बायको-मुलांसह राहायचं असेल तर मी आधी हाच पर्याय तपासेन.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलासाठी इथं नेक्स्ट स्टार्स ही वेगळी योजना आहे, ज्यात तो परदेशी खेळाडूंच्या जागेत मोजला जात नाही. लामेलो बॉल तिथल्या इलावारा संघाकडून पायाच्या दुखापतीमुळं फक्त बारा सामने खेळला, तरी २०२० मध्ये ड्राफ्टमध्ये तिसरा आला. पण त्याचं नाव आधीच गाजलेलं होतं, प्रत्येकाचं तसं होईल असं धरून चालू नये.

जपानची बी.लीग २०१६ मध्ये सुरू झाली. उंच, अंगानं मजबूत खेळाडूला तिथं चांगली मागणी आहे. शनिवार-रविवार लागोपाठ सामने असतात, तेवढं शरीराला झेपलं पाहिजे.

सही करण्याआधी

परदेशातला करार बहुतेक वेळा निव्वळ पगाराचा असतो: तिथला कर क्लब भरतो, घर आणि बऱ्याचदा गाडीही देतो. अमेरिकी नागरिकाला मात्र जगात कुठंही कमावलेला पैसा आपल्या देशाच्या कर खात्याला दाखवावा लागतो. पोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि ती पास होईपर्यंत करार पक्का नसतो, म्हणून जुनं दुखणं लपवू नये. पगार थकणं ही या धंद्यातली जुनी व्याधी आहे. त्यासाठी फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेनं २००७ मध्ये जिनिव्हात लवाद सुरू केला, आणि त्याचा निकाल न पाळणाऱ्या क्लबावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येऊ शकते. पण वाद त्या लवादापुढं जाईल असं करारात लिहिलेलं असावं लागतं. ते कलम नसेल तर सही करू नका. पगार ठरावीक दिवसांपेक्षा जास्त थकला तर करार मोडून बाहेर पडता येईल, असंही लिहून घ्या. देशाचं राजकारणही बघा: २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा रशियन क्लब युरोलीगमधून बाहेर काढले गेले आणि तिथले अनेक अमेरिकी खेळाडू हंगामाच्या मधेच घरी परतले.

मग कुणी कुठं जावं? एनबीएत नाव कमावून झालेला, चेंडू हातात ठेवून खेळणारा गार्ड चीनला गेला तर मी त्याला अडवणार नाही. कुटुंब असलेल्या, वर्षानुवर्षं एका गावात राहू इच्छिणाऱ्या खेळाडूनं ऑस्ट्रेलिया बघावं. पण बावीस वर्षांच्या, ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्या पोरानं युरोपचा दुसरा विभाग घ्यावा, पगार कमी असला तरी. त्यातही संघ निवडताना कोच कोण आहे ते बघावं, आणि त्या संघातून गेल्या दोन हंगामांत खेळून गेलेल्या परदेशी खेळाडूला स्वतः फोन करावा. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: पगार महिन्याच्या कितव्या तारखेला यायचा, आणि दुखापत झाली तेव्हा क्लबातून भेटायला कोण आलं.