सिडनीतला व्यवहार: रम की भोक पाडलेला डॉलर?

१७८८ मध्ये ब्रिटिशांनी सिडनीत कैद्यांची वसाहत वसवली, पण तिथल्या चलनाची धड सोय केली नाही. हाती आलेली परकी नाणी माल घेताना पुन्हा जहाजांवरच परत जायची. मग ती जागा रमने घेतली. रम म्हणजे तिथे कुठलीही कडक दारू.

रमचा फायदा उघड होता: हवी तेवढी मापून देता येई आणि नको म्हणणारे थोडे. पण साठा न्यू साउथ वेल्स कोअर या तिथल्या लष्करी पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या मुठीत. ते ती चढ्या भावाने मजुरीत देत, म्हणजे राबणाऱ्याला दोन्हीकडून तोटा. शिवाय मजुरी पिऊन टाकली की घरात काय उरणार? गव्हर्नर ब्लाय यांनी या व्यवहारावर बंदी घातली; २६ जानेवारी १८०८ ला त्यांनाच पदच्युत केलं गेलं, अर्थात त्यामागे इतरही वाद होते.

माझं मत सरळ डॉलरच्या बाजूने. १८१२ मध्ये गव्हर्नर मॅक्वायरी यांच्याकडे ४०,००० स्पॅनिश डॉलर आले. खोटी नाणी बनवताना पकडला गेलेला कैदी विल्यम हेन्शॉल याने प्रत्येकाच्या मधोमध भोक पाडलं. बाहेरचं कडं ५ शिलिंगचं, आतली चकती, म्हणजे ‘डंप’, १५ पेन्सची. दोन्हींची मिळून किंमत मूळ नाण्याहून जास्त ठरवली, त्यामुळे ते बाहेर नेणं तोट्याचं झालं. सुटे पैसेही मिळाले.

रम लगेच हटली नाही. खुद्द मॅक्वायरींनीच रुग्णालय बांधून घेताना ठेकेदारांना मोबदला म्हणून दारू आयातीचा मक्ता दिला होता.