घरघंटी, आठ महिने वापरून: मोटर उत्तम, गोंद भिकार

३५४ रुपये. ३०० व्हिजिट चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. कशाचे, तर मशीनच्या पाठीमागचं एक लाल बटण दाबायचे. माणूस आला, त्याला बूट काढायलाच जास्त वेळ लागला, वाकला, बटण दाबलं, मशीन सुरू. मी घड्याळ बघत होतो म्हणून सांगतो, चहा सोडून चार मिनिटं. म्हणजे मिनिटाला साडेअठ्ठ्याऐंशी रुपये. मी एसटीच्या डेपोत अकाउंटला होतो, उभ्या आयुष्यात कंडक्टरांच्या वेबिलांच्या बेरजा तपासल्या, त्यामुळे असले हिशेब आपोआप होतात, थांबवता येत नाहीत.

तर घरघंटी. एक एचपी, ऑटोमॅटिक, सहा जाळ्या, खाली चाकं, हे सगळं दुकानदार सांगतोच, ते मी सांगत बसत नाही. यंदाच्या गुढीपाडव्याला घेतली, १७,५०० ला. माझा विरोध होता. आमच्या घरात माणसं दोन, महिन्याला गहू सात किलो, शाळू पाच किलो आणि नाचणी, तांदूळ, भाजणी असलं सटरफटर मिळून दोन किलो. गिरणीत गव्हाला आणि शाळूला किलोला सात रुपये, सटरफटरला आठ. झाले बरोबर १०० रुपये. घरी दळलं तर लाइट बिल आलंच, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, चौदा किलोला साधारण दोन तास, धरा दोन युनिट, सगळे आकार धरून २० रुपये. म्हणजे बचत महिन्याला ८०. साडेसतरा हजाराला ऐंशीनं भागा, २१९ महिने, अठरा वर्षं तीन महिने. मी आत्ता चौसष्ट. पैसे वसूल होणार तेव्हा ब्याऐंशी पूर्ण झालेले असतील. पुढच्या वर्षी मला एसटीचं अर्धं तिकीट लागू होतंय, पंच्याहत्तरीला पूर्ण फुकट, म्हणजे मशीनच्या सात वर्षं आधी एसटी वसूल होतेय. हे सगळं मी कागदावर मांडून दाखवलं. आमची ही म्हणाली, "अहो, पण पीठ ताजं मिळेल." संपला विषय.

आता मुद्द्याचं. मशीनला दोष एकच आहे आणि तो म्हणजे स्टिकर. हसू नका. बाकी लोक आवाज किती, पीठ किती उडतं ते विचारतात, मला कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, तुमचे स्टिकर आहेत का जागेवर? कारण या जाळ्यांवर नंबर स्टिकरनं चिकटवलेत. स्टीलच्या जाळीवर कागदी स्टिकर! नंबर जितका लहान तितकं पीठ बारीक, एवढं सगळ्या मशीनचं मर्म त्या नंबरात, आणि तो कागदावर. पहिल्यांदा धुतल्या तेव्हा सहातले चार नंबर सिंकच्या जाळीत जाऊन बसले. आमच्याकडे एक न् दोन मधला फरक डोळ्यांना कळायचं वय दोघांचंही गेलेलं. मी भिंगातून भोकं बघितली. मग आमच्या हिनं अंदाजानं एक जाळी लावली आणि गव्हाची झाली लापशी, तीन किलो. आठवडाभर सकाळी गोड लापशी, संध्याकाळी तिखट लापशी, आणि मला बॉर्डरलाइन शुगर. मग दुसरी जाळी लावली तर पीठ इतकं बारीक पडलं की हिच्या मते पोळी लाटताना चिंगम ओढल्यासारखं होत होतं. तिसऱ्या वेळी जमलं आणि त्या जाळीला लाल दोरा बांधला. दोरा आत राहिला, दळला गेला. पिठात लाल काय दिसतंय म्हणून चाळत बसलो.

आणि गंमत बघा, मशीनच्या तोंडावर एक भला मोठा पिवळा स्टिकर आहे, 'महाबचत ऑफर' लिहिलेला, दिव्याच्या शेजारीच. तो आठ महिने निघत नाहीये. खोबरेल तेल लावून झालं, गरम पाण्याचं फडकं झालं, हेअर ड्रायर मुलीकडून आणून झाला, रॉकेल आता मिळत नाही नाहीतर तेही झालं असतं. एक कोपरा नखानं सुटलाय, तिथं पीठ बसून काळं झालंय. म्हणजे कंपनीकडं चांगला गोंद आहे! नाही असं नाही. फक्त तो जिथं नको तिथं वापरलाय.

आता बंद कशी पडली ते. इथं मला थोडं खरं बोलावं लागणार. दिवाळीचे अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग निथळून फडक्यावर पसरायचा आणि अर्धवट ओलसर असतानाच कुटायचा किंवा मिक्सरला लावायचा, पुढं बारीक चाळणीनं चाळायचा. दरवर्षी मिक्सरच. यंदा मी म्हणलं, साडेसतरा हजारांची गिरणी घरात असताना मिक्सर कशाला तापवायचा? ती म्हणाली ओलं चालत नाही त्यात. मी म्हणलं ओलं कुठाय, ओलसर आहे. टाकला. पहिलं अर्धा मिनिट बरं चाललं, मग आवाज बदलला, घाटात फर्स्ट गिअरला यष्टी कण्हते तसा, आणि ठप्प. उघडून बघतो तर आत सगळं लुकण झालेलं, जाळी बुजलेली. खरवडून काढलं, कोरडं केलं, पुन्हा चालू करायला गेलो तर काहीच नाही. दिवासुद्धा लागेना.

मग टोल फ्री. मराठीसाठी तीन दाबा म्हणून तीन दाबला, पलीकडनं हिंदी आली. तक्रार नंबर मिळाला. दोन दिवसांनी मेसेज, तुमच्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे. कुणी केलं? कधी केलं? मी पुन्हा फोन. पुन्हा नंबर. वसुबारस गेली, लक्ष्मीपूजन गेलं, पाडवा गेला. पुढं एक जण फोनवर म्हणाला, काका तो ओटीपी सांगा, उद्या माणूस पाठवतो. आता वेबिलं तपासलेल्या माणसाला हे कळतं, काम व्हायच्या आधी सही मागणारा काम करणार नसतो. म्हणलं ओटीपी काम झाल्यावर, आणि उद्या माणूस आला नाही तर १९१५ ला फोन, ग्राहक हेल्पलाइनला. आला दुसऱ्या दिवशी. एकूण नऊ दिवस.

त्यानं बटण दाबायच्या आधी विचारलं, "ओलं धान्य टाकलं होतं का काका?" मी हिच्याकडं बघितलं, हिनं माझ्याकडं. मी म्हणलं, "छे." तो आत बोट फिरवून म्हणाला, मग हे काय चिकटलंय? ही म्हणाली, "पावसाळ्यात गव्हाला दमट लागतंच." चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्या बाजूनं इतक्या झटकन उभी राहिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. पण त्यानं लिहिलंच, ग्राहकाच्या चुकीमुळं, म्हणून वॉरंटीत असून ३५४. आणि वर म्हणाला, "इथं स्टिकर असतो की काका, ओव्हरलोड झालं की दहा मिनिटं थांबून हे बटण दाबा म्हणून."

असतो की! जूनमध्ये केर काढताना सापडला होता तो मला, चारी कोपरे वळलेला. मला वाटलं खोक्यावरचा आहे, टाकून दिला. म्हणजे चूक माझी अर्धी, ओल्या तांदळाची, पण उरलेली अर्धी गोंदाचीच. तो टिकला असता तर मी स्वतः वाकलो असतो. गुडघे दुखतात, पण ३५४ रुपयांसाठी वाकलो असतो.

अनारसे शेवटी मिक्सरवरच झाले, घाईत नीट चाळले गेले नाहीत आणि तेलात पडल्या पडल्या हसले, म्हणजे फुटून विखुरले. सगळा घाणा हसला. जावयांनी चमच्यानं खाल्ले.

(इथपर्यंत रागात लिहून ठेवलं होतं. पुढचं तुळशीच्या लग्नानंतर लिहितोय.)

राग थोडा उतरलाय त्यामुळं चांगल्या गोष्टीही सांगतो. शाळूची भाकरी. आमच्याकडं माण तालुक्यातला शाळू येतो आणि ज्यांना भाकरी कळते त्यांना कळेल, शाळूचं पीठ शिळं झालं की विरी जातं, थापताना कडा फाटतात, मग उकळतं पाणी घालून कशीतरी जुळवावी लागते. आता ही दीड किलोच दळते, चार दिवसांत संपतं, पुन्हा दळते. भाकरी अशी फुगते की परवा मी तीन खाल्ल्या, दुसरीला ती 'बास' म्हणाली होती. गिरणीत दीड किलो घेऊन गेलं तर तो तोंडाकडं बघायचा. दुसरं, उपासाची भाजणी. गिरणीत गव्हावर ती दळता येत नाही, एकादशीच्या आधी ठरावीक दिवशी तो धुऊनपुसून लावायचा आणि त्या दिवशी ही मोठी रांग. आता घरी जाळी आणि आतला डबा पुसून घेतला की झालं. आणि जात्याच्या दगडाला टाकी लावल्यावर पहिले दोन दिवस गिरणीच्या पिठाला जी कचकच यायची ती इथं नाही, कारण इथं दगडच नाही, आत पाती फिरतात.

वाईट सांगायचं तर पंधरा अँपिअरचा पॉइंट आमच्याकडं स्वयंपाकघरात नाही, बेडरूममध्ये एसीचा आहे तेवढाच. म्हणून गिरणी बेडरूममध्ये. मे महिन्यात एक तर गारवा नाहीतर पीठ. आणि दळायची वेळ ही बरोबर दुपारी दोनला काढते, माझा डोळा लागतो तेव्हा. आवाज अगदी सहन होत नाही असा नाही, पण उशाशी गिरणी म्हणल्यावर स्वप्नंसुद्धा डेपोतली पडतात. पावसाळ्यात आतल्या कोपऱ्यात पीठ राहिलं की अळ्या होतात, जुना टूथब्रश घेऊन दर वेळी झाडावं लागतं, ते काम माझं.

शेजारचं वेगळंच. पहिल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी बाळाच्या नाचणीसाठी आल्या, पावशेर. नाही कसं म्हणणार. मग समोरचे, मग खालचे. पैसे घ्यायला लाज वाटते, न घ्यायला त्रास होतो. डबे परत येताना रिकामे येत नाहीत हे खरं, कुणी लोणचं देतं, कुणी चिवडा, ते मी हिशेबात धरलेलं नाही कारण चिवडा मला वर्ज्य आहे. बिल्डिंगमधली पोरं मात्र आता मला गिरणीवाले आजोबा म्हणतात. चौतीस वर्षं एसटीत काढून शेवटी ही पोस्ट मिळाली.

जाळ्यांचं शेवटी मी काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. सहाही जाळ्या कापडात गुंडाळून मोती चौकातल्या भांड्याच्या दुकानात नेल्या, तिथं भांड्यावर नाव कोरून देतात. पोरगा मशीन हातात घेऊन बसला.
"काय नाव घालू?"
"एक."
"एक काय?"
"नुसतं एक. पुढच्यावर दोन."
त्यानं मालकाकडं बघितलं. मालक म्हणाला, भांडं आमच्याकडचं नसेल तर अक्षराला दोन रुपये. म्हणलं अक्षर नाही, आकडा आहे. म्हणाला आकड्यालाही दोन. सहा दोने बारा. कोणती एक न् कोणती दोन हा घोळ होताच, पण पोरानं सगळ्या उजेडाकडं धरून, एकदाही न थांबता, बारीकपासून जाडपर्यंत ओळीनं लावून दिल्या. वय असेल एकोणीस. मी आठ महिने भिंग घेऊन बसलेलो.

आता बारा रुपयांत जे कोरून मिळतं ते साडेसतरा हजारांत कंपनीला का जमत नाही, हा प्रश्न मी त्यांना लेखी विचारलाय. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि खाली नवीन मॉडेलची जाहिरात.

घ्यावी का? घरात चार-पाच माणसं असतील आणि भाकरी रोज लागत असेल तर डोळे झाकून घ्या, फक्त आणल्या आणल्या जाळ्या कोरून आणा आणि लाल बटण कुठंय ते परमनंट मार्करनं भिंतीवर लिहा. दोघंच असाल तर माझा वरचा हिशेब बघा. २०२६ च्या मे महिन्यात अधिक ज्येष्ठ येतोय, जावयाला ३३ अनारसे द्यायचे आहेत, त्याचा तांदूळ मिक्सरलाच लागणार हे घरात ठरलंय, म्हणजे मला सांगण्यात आलंय.

गिरणीवाल्याकडं मात्र मी अजून जातो. मिरच्या कांडायला जावंच लागतं, तिखट आपल्या मशीनमध्ये घालायचं नाही, पण त्याशिवायही महिन्यातून एकदा दोन किलो बाजरी घेऊन जातो. बाकावर बसलं की कोणाचा मुलगा कुठं लागला, कोण गेलं, टोमॅटो काय भाव, सगळं अर्ध्या तासात कळतं, घरच्या गिरणीपाशी फक्त भिंत दिसते. हिला सांगताना बाजरीला घरची जाळी बरोबर लागत नाही असं सांगतो.

तर मांडून ठेवतो. मशीन १७,५००, लाल बटण ३५४, कोरणावळ १२, एकूण १७,८६६. आठ महिन्यांची बचत ६४०. येणे बाकी १७,२२६. बाजरीचे महिन्याचे चौदा रुपये यात धरलेले नाहीत, ते मी वेगळे लिहितो.